बगळ्याची सायकल: कधी ऐट, कधी अडगळ

आजोबांच्या काळात देखणी वस्तू 'ऐटबाज' असायची. बाबांच्या कॉलेजात ती 'फाकडू' झाली, आमच्या वेळी आधी 'झकास' आणि मग 'भारी'. परवा सोळा वर्षांचा भाचा मोबाइलवर एका सायकलीचा फोटो बघून नुसतं 'कडक' म्हणाला. चार पिढ्यांत शब्द पाच झाले. आणि फोटोतली सायकल? काळी, रॉड ब्रेकची, चेन कव्हरवाली, मागे भलंमोठं कॅरियर. म्हणजे डिट्टो आजोबांची. मधल्या पिढीने, अर्थात आमच्या बाबांनी, ती किलोच्या भावाने भंगारात घातली होती.

सायकलीच्या दुनियेत हा नियम सहसा चुकत नाही. बापाची सायकल कधीच भारी नसते, आजोबांची असते.

नियम तपासायला इंग्लंडच्या नॉटिंगहॅम गावच्या 'रॅले'इतकी चांगली कंपनी सापडणार नाही. मिरवणूक, टिंगल, अडगळ आणि पुन्हा मिरवणूक, सगळं तिच्या वाट्याला आलं. त्यातही गंमत अशी, की एकाच वर्षी एका देशात ती हिरोची सायकल होती आणि दुसऱ्या देशात हिशेबनिसाची.

सहा महिन्यांचा सोबती

फ्रँक बाउडन हा इंग्रज गृहस्थ हाँगकाँगमध्ये बक्कळ पैसा कमावून मायदेशी परतला, पण तब्येतीचं पार मातेरं करून. फार तर सहा महिने काढाल, असं डॉक्टरांनी सांगितलं, अशी आख्यायिका कंपनीत पिढ्यानपिढ्या सांगितली जायची. जाता जाता डॉक्टर म्हणाले, सायकल चालवून बघा. बाउडनने नॉटिंगहॅमच्या एका लहानशा कारखान्यातली सायकल घेतली, चालवली आणि खडखडीत बरा झाला.

आपण अशा वेळी डॉक्टरांना पेढे नेऊन देतो. याने कारखानाच विकत घेतला. १८८८ च्या डिसेंबरात रॅले सायकल कंपनी रीतसर उभी राहिली. आठ वर्षांत साडेसात एकरांचा पसारा, साडेआठशे कामगार आणि वर्षाला तीस हजार सायकली. त्या घडीला जगातली सर्वांत मोठी सायकल कंपनी म्हणून तिचं नाव घेतलं जायचं. सहा महिन्यांचा सोबती बाउडन १९२१ मध्ये वारला. म्हणजे वर तेहतीस वर्षं काढली. एवढी चांगली जाहिरात पैसे मोजूनही मिळत नाही.

पाटी रस्त्याची, डोकं बगळ्याचं

सर वॉल्टर रॅले हा पहिल्या एलिझाबेथ राणीच्या दरबारातला दर्यावर्दी. १६१८ मध्ये त्याचं मुंडकं उडवलं गेलं. सायकलीशी त्याचा संबंध इतकाच, की मूळचा कारखाना नॉटिंगहॅमच्या 'रॅले स्ट्रीट'वर होता. आपल्याकडे कुणी बाजीराव रोडवर कारखाना काढून सायकलीचं नाव 'बाजीराव' ठेवावं, तसलाच प्रकार. (नाव वाईट नाही. कुणी घेतलं नसेल तर घ्यावं.)

बिल्ल्यावरचा पक्षी मात्र मालकाच्या घरचा. बाउडन घराण्याच्या मानचिन्हात बगळ्याचं डोकं होतं, ते सायकलीच्या हँडलखाली आलं. कारागीर तेवढ्यावर थांबले नाहीत. इंग्लिश रॅलेचं चेनव्हील नीट बघितलं तर पोलादात कापलेली बगळ्याची तीन डोकी दिसतात. पायडल मारलं की तिन्ही बगळे एकमेकांच्या मागे फिरायला लागतात. सायकल चालवणाऱ्याला ते दिसत नाहीत, रस्त्यावरच्या लोकांना दिसतात. शान म्हणतात ती हीच.

जाता जाता: ब्रेकच्या ज्या वायरीला जगभर 'बाउडन केबल' म्हणतात ती या बाउडनची नाही, अर्नेस्ट बाउडन नावाच्या वेगळ्याच माणसाची. आडनाव एक, धंदा एक, घोटाळा सव्वाशे वर्षांचा. फ्रँकरावांनी त्या पेटंटाच्या कंपनीतही पैसे घालून गोंधळात भरच घातली.

आधी बड्यांची, मग सगळ्यांची

१८९५ च्या सुमारास लंडनच्या बॅटरसी पार्कमध्ये सकाळी सायकलीवर फेरफटका मारणं ही उमरावांची फॅशन होती. मडमा खास शिवलेले कपडे घालून यायच्या, बघ्यांची गर्दी व्हायची. शर्यतींच्या मैदानातही रॅलेचा बोलबाला होता. १८९३ मध्ये शिकागोला पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि ती गाजवली आर्थर झिमरमन या अमेरिकी पठ्ठ्याने. रॅलेच्या जाहिरातींत हा झिमरमन झळकायचा.

मग सायकल स्वस्त झाली, गिरणीतला कामगार तिच्यावर बसून कामावर जाऊ लागला आणि उमरावांना अचानक मोटारगाड्या आवडायला लागल्या. योगायोग म्हणा हवं तर.

कचेरीतली गाय, अमेरिकेत वाघ

ही माझी सगळ्यांत लाडकी गोष्ट.

१९५० च्या आसपासची रॅलेची तीन गिअरची सायकल इंग्लंडात अगदी सोज्वळ मानली जायची. मडगार्ड, घंटी, मागच्या चाकाच्या हबमध्ये लपवलेले स्टर्मी-आर्चरचे तीन गिअर, वर बसलेला टाय लावलेला कारकून. चढावर एक नंबर, सपाटीला दोन, उताराला तीन. हबमधून बारीक टिक-टिक आवाज. त्यात थरार असा काही नाहीच.

हीच सायकल जहाजात घालून अमेरिकेला पाठवली की बंदरावर उतरताना तिचं नाव बदलायचं: 'इंग्लिश रेसर'! कारण अमेरिकी पोरं तेव्हा फुग्यासारख्या जाड टायरच्या, खोट्या पेट्रोल टाक्या लावलेल्या अवजड सायकली रेटत होती. त्या रेड्यांपुढे ही बारीक टायरची सायकल हरणासारखी पळायची. नॉटिंगहॅमच्या कारकुनाची गाय ओहायोत वाघ झाली. सायकलीत एक स्क्रूसुद्धा बदललेला नव्हता.

सिंह मागे, रॅले पुढे

आफ्रिकेतल्या बाजारपेठेसाठी रॅलेचं एक पोस्टर निघालं होतं. माणूस सायकलीवरून सुसाट चाललाय, चेहऱ्यावर हसू, आणि मागे धावून दमलेला सिंह. विकायचं होतं ते पोलाद. 'अख्खी पोलादाची सायकल' हे कंपनीचं पालुपद होतंच. आज त्या चित्रातला साहेबी दृष्टिकोन खटकतो, खटकायलाच हवा. पण त्याच पोस्टरच्या प्रती चौकट करून दिवाणखान्यात लावणारेही आहेत. सिंह बिचारा अजून धावतोच आहे.

आसनसोलचा साहेब

आता आपल्या घरची गोष्ट.

सुधीरकुमार सेन या बंगाली उद्योजकाने नॉटिंगहॅमशी हातमिळवणी केली आणि स्वातंत्र्यानंतर लगेचच बंगालमध्ये आसनसोलजवळ कन्यापूरला कारखाना उभारला. 'सेन-रॅले'. नावाची जोडणी बघा, अर्धं कोलकाता, अर्धं नॉटिंगहॅम. रॅलेच्याच कुटुंबातली हंबर, रज आणि रॉबिन हूड ही भावंडंही याच गोतावळ्यातली. रॉबिन हूड हे नाव नॉटिंगहॅमच्या कंपनीने ठेवावं हे ओघानेच आलं. पण श्रीमंतांना लुटणाऱ्या माणसाच्या नावाची सायकल गरिबाला महिन्याच्या पगारात परवडायची नाही, हा विनोद बहुधा कुणाच्या लक्षात आला नाही.

आमचे आजोबा शाळामास्तर. त्यांची सेन-रॅले चोवीस इंची, म्हणजे आमच्यासारख्या पोरांसाठी गच्चीच. रविवारी सकाळी ती अंगणात स्टँडवर चढायची आणि पूजा सुरू व्हायची. आधी रॉकेलच्या फडक्याने चेन. मग स्पोक, एकेक करून. चाकाच्या हबला मधोमध एक इवलंसं भोक आणि त्यावर पत्र्याची सरकणारी पट्टी असते. ती नखाने बाजूला करून आजोबा मशीन ऑइलचे मोजून दोन थेंब सोडायचे. तिसरा पडला तर चुकचुकायचे. हबभोवती रंगीत ब्रशाची रिंग, चाक फिरलं की हब आपोआप पुसला जावा म्हणून. शेवटी हँडलखालचा बगळ्याचा बिल्ला धोतराच्या सोग्याने. त्या कामाला फडकं चालत नसे.

नगरपालिकेचा सायकल-कराचा बिल्ला दरवर्षी नवा लागायचा. तो लावला नाही किंवा रात्री दिव्याशिवाय सापडलात तर पोलीस हवा सोडायचा नाहीतर चौकीत न्यायचा. डबलसीट तर गुन्हाच. तरीही जगात डबलसीट न बसलेला मराठी माणूस दाखवा.

आम्ही शिकलो ते मधून पाय घालून. सीटवर बसलं तर पाय पोचायचे नाहीत, म्हणून नळीच्या खालून त्रिकोणात पाय घालायचा, उजव्या काखेत सीट, डावा हात हँडलवर आणि सायकल एका बाजूला कलंडलेली. हाफ पायडल, हाफ पायडल, धप्प! आज भाच्याला हे करून दाखवलं तर त्याला वाटलं मी कसरत करतोय.

त्या काळी लग्नात जावयाला घड्याळ, सायकल आणि रेडिओ मिळाला की व्याही खूश. सायकलीचं नाव पाहुण्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं जायचं. आमच्या आजोबांचं अख्खं आयुष्य त्या एका वाक्यावर गेलं: "आपली रॅले आहे."

पुढे कंपनी आजारी पडली, सरकारने ताब्यात घेतली आणि १९८० मध्ये तिचं नाव झालं 'सायकल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया'. आता तुम्हीच सांगा, कुठला जावई मित्रांना सांगेल, "सासऱ्यांनी सायकल कॉर्पोरेशनची दिली"? ब्रँडची हवा काढायला खिळा लागत नाही, सरकारी नाव पुरतं.

आट्यांचं राजकारण

इंग्लंडातले बाकीचे सायकलवाले बॉटम ब्रॅकेटला, म्हणजे पायडलचा आस बसतो त्या नळीला, इंचामागे २४ आटे पाडत. रॅले पाडायची २६. दिसायला फरक शून्य, पण दुसऱ्या कुठल्या कंपनीचा कप बसेल तर शपथ. माल आमचा, सुटा भागही आमच्याकडूनच घ्या. मोबाइलच्या चार्जरवरून आज जे शिव्याशाप चालतात ते नॉटिंगहॅमने शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलं होतं. दुकानदार कपाळाला हात लावायचे. आणि आता? जुन्या सायकलींचे शौकीन "छे, हिचे आटे सव्वीसचे आहेत" असं मोठ्या कौतुकाने सांगतात. खोड मुरली की तिचं वैशिष्ट्य होतं.

बगळ्याचं कबुतर

चीनमध्ये १९५० साली तिआनजिनला 'फ्लाइंग पिजन', म्हणजे 'उडतं कबुतर', सायकल निघाली. नमुना कुठला? १९३२ च्या इंग्लिश रॅलेचा. साम्राज्यवाद्यांशी भांडण आपल्या जागी, रॉड ब्रेक आपल्या जागी. चीनमध्ये तेव्हा संसाराला चार वस्तू हव्यात असं मानलं जायचं: सायकल, शिलाई मशीन, घड्याळ आणि रेडिओ. आपल्या जावयापेक्षा एक मशीन जास्त. कबुतर मिळवायला लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबत. १९८९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थोरले बुश बीजिंगला गेले तेव्हा त्यांना भेट म्हणून हीच सायकल मिळाली.

मग पोरांना मोटारी दिसल्या आणि कबुतर म्हाताऱ्यांचं झालं. नियम आठवतोय ना? बापाची सायकल.

कारखान्याच्या आतून

बाहेर शान मिरवली जात असताना आत काय चाललं होतं? ॲलन सिलिटो हा नॉटिंगहॅमचा मुलगा चौदाव्या वर्षी शाळा सोडून रॅलेच्या कारखान्यात लागला. १९५८ मध्ये त्याची 'सॅटर्डे नाइट अँड संडे मॉर्निंग' ही कादंबरी आली. नायक लेथवर उभा राहून दिवसभर तेच ते नग काढतो आणि शनिवारची वाट बघतो. १९६० मध्ये सिनेमा निघाला, त्यातल्या कारखान्याचं चित्रीकरण खऱ्या रॅलेतच झालं. कामगाराच्या रागावरचा तो सिनेमा गाजला, अल्बर्ट फिनी स्टार झाला. कंपनीला तिच्याच तेलकट मशिनींनी जरा वेगळी कीर्ती मिळवून दिली. ती ब्रोशरमध्ये छापण्यासारखी नव्हती एवढंच.

नको म्हणायची हौस

ॲलेक्स मोल्टन नावाचा इंजिनिअर लहान चाकांची, स्प्रिंगवाली सायकल घेऊन रॅलेकडे गेला. नको म्हणाले. त्याने १९६२ मध्ये स्वतःच काढली आणि लंडनच्या फॅशनवाल्या तरुणाईने ती उचलून धरली. रॅलेने घाईघाईने १९६५ मध्ये तशीच दिसणारी स्वतःची काढली, ती काही तितकी बरी निघाली नाही. मग १९६७ मध्ये मोल्टनचा धंदाच विकत घेतला. आधीच घेतली असती तर चहावर काम झालं असतं.

पुढे अँड्र्यू रिची नावाचा तरुण घडीची सायकल घेऊन आला. त्यालाही नको म्हणाले. खोलीच्या खिडकीतून समोर ब्रॉम्प्टन ऑरेटरी हे चर्च दिसायचं म्हणून त्याने सायकलीचं नाव ठेवलं ब्रॉम्प्टन. आज तिची घडी घालून लोकलच्या डब्यात शिरणारा माणूस दिसला की अख्खा डबा बघत बसतो. काय भारी ठरणार हे कळलं असतं तर कंपन्यांनी ज्योतिषी पोसले नसते.

चॉपर: पोरांनी डोक्यावर घेतलेली, आयांनी कपाळावर हात मारलेली

पण एकदा, एकदाच, रॅलेचा बाण असा काही बसला की विचारू नका.

अमेरिकेत श्विन कंपनीने १९६३ मध्ये 'स्टिंग-रे' काढली होती. केळ्याच्या आकाराचं सीट, उंच हँडल. पोरं वेडी झाली. रॅलेने आपला मुख्य डिझायनर ॲलन ओकली याला बघायला पाठवलं आणि परतीच्या विमानात त्याने पाकिटाच्या पाठीवर एक चित्र काढलं, अशी एक कथा. दुसरी कथा अशी, की खरी रचना ओगल डिझाइन या संस्थेच्या टॉम कॅरन यांची. दोन्ही बाजूंनी आयुष्यभर वाद घातला. कॅरन हे तीनचाकी रिलायंट रॉबिन मोटारीशी नाव जोडलेले डिझायनर, त्यामुळे विचित्र दिसणारी चाकं त्यांना नवी नव्हती.

१९६९ मध्ये अमेरिकेत आणि १९७० मध्ये इंग्लंडात 'चॉपर' आली. पुढचं चाक सोळा इंची, मागचं वीस इंची. हँडल माकडासारखं वर हात करून धरायचं. सीट लांबलचक, मागे टेकायला पाठ. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे गिअर: मोटारीसारखा दांडा, थेट नळीवर, बसणाऱ्याच्या दोन पायांच्या मधोमध. अचानक ब्रेक लागला की सीटवरून पुढे घसरणाऱ्या मुलाचं काय व्हायचं ते मी इथे लिहीत नाही. त्या पिढीच्या इंग्रजांना विचारा, अजून डोळ्यांत पाणी येतं.

सीट लांब असल्यावर डबलसीट होणारच, आणि डबलसीट झाली की पुढचं लहान चाक हवेत उठणारच. शेवटी कंपनीने सीटवरच सूचना छापली: ही सायकल प्रवासी नेण्यासाठी बनवलेली नाही. पोरं त्या सूचनेवर मित्राला बसवून फिरत. उतारावर वेग वाढला की हँडल थरथरायचं. खेळाच्या दृष्टीने बघाल तर सायकल म्हणून ती जेमतेमच होती.

पण विकल्या किती? सुमारे पंधरा लाख! डबघाईला आलेल्या कंपनीला चॉपरने तारलं असं आजही म्हणतात. लाल रंगाला 'इन्फ्रा रेड', जांभळ्याला 'अल्ट्रा व्हायोलेट' अशी प्रयोगशाळेतली नावं. ज्याच्याकडे होती तो गल्लीचा राजा, ज्याच्याकडे नव्हती त्याने ते आयुष्यभर लक्षात ठेवलं.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बीएमएक्स आली, पोरं मातीत उड्या मारायला लागली आणि चॉपर एका फटक्यात बावळट ठरली. उत्पादन बंद. २००४ मध्ये पुन्हा काढली, पण सुरक्षेसाठी गिअरचा दांडा नळीवरून काढून टाकला होता. जुने भक्त नाक मुरडून निघून गेले. ज्या दांड्याने लहानपणी रडवलं तोच हवा होता त्यांना!

कंपनी शहाणी झाली. २०२३ च्या जूनमध्ये दांड्यासकट, जुन्या रंगांसकट चॉपर परत आली. किंमत ९५० पौंड, तेव्हाच्या हिशेबाने जवळजवळ लाख रुपये. पहिली खेप हातोहात संपली. ही दहा वर्षांच्या पोरांसाठी नव्हतीच. आपल्या दहाव्या वर्षी जे बाबांपुढे रडले आणि ज्यांना मिळाली नाही, ते आता साठीला टेकले होते आणि त्यांच्या खिशात पैसे होते. माझं मत विचाराल तर काय भारी आणि काय बेकार हे ठरवतात दहा वर्षांची पोरं, फक्त त्याचं बिल पन्नास वर्षांनी निघतं.

पिवळी जर्सी, फिकी कंपनी

१९८० ची टूर द फ्रान्स जिंकली टीआय-रॅले संघाच्या योप झूटेमेल्क या डच खेळाडूने. आधी पाच वेळा दुसरा आलेला माणूस, वय तेहतीस. जगातली सर्वांत मोठी शर्यत रॅलेने मारली, आणि त्याच वर्षी आपल्याकडे सेन-रॅलेची कॉर्पोरेशन झाली. कीर्ती आणि गल्ला एका डबलसीटवर बसतातच असं नाही.

बंदूकवाल्यांची लेडीबर्ड

मुलींची गोड गुलाबी 'बीएसए लेडीबर्ड' आठवते? बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. रायफली बनवणारा कारखाना! तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या, हे त्यांचं मूळ चिन्ह. पुढे बीएसएचा सायकल-धंदा रॅलेने घेतला. आणि बर्मिंगहॅमचीच हर्क्युलस? टीआय सायकल्सने चेन्नईत १९५१ पासून तिच्या सायकली काढायला सुरुवात केली. इंग्लंडात ही नावं जुन्या बाजारात सापडतात, आपल्याकडे पहिलीतून दुसरीत गेलेल्या मुलाला नवी कोरी मिळतात. रेडिचच्या रॉयल एन्फिल्डने सुरुवातीला सायकलीही बनवल्या होत्या. तिची बुलेट आपल्याकडे आधी फौजेची आणि पोलिसांची, मग दूधवाल्यांची, आणि आता लडाखला जाऊन स्टेटस टाकणाऱ्यांची. ब्रँड मरत नाहीत, देश बदलतात.

लुधियानाच्या हिरोने तर २०१५ मध्ये ब्रिटनमधली एक सायकल वितरण कंपनीच आपल्या हाताखाली घेतली. ज्यांनी आपल्याला सायकली विकल्या त्यांना सायकली विकायला.

आजीची सायकल

नियमाचा सगळ्यात ठणठणीत पुरावा हॉलंडमध्ये मिळतो. तिथे जुन्या वळणाच्या काळ्या, सरळ बसून चालवायच्या बिनगिअरच्या सायकलीला 'ओमाफीत्स' म्हणतात. ओमा म्हणजे आजी, फीत्स म्हणजे सायकल. आणि ॲम्स्टरडॅममध्ये ती चालवतात कोण? कॉलेजची मुलं. नावात सरळ 'आजी' आहे, 'आई' नाही. डच लोक स्पष्टवक्ते.

लंडनमध्ये २००९ पासून 'ट्वीड रन' भरते. लोक आजोबांचे लोकरी कोट, टोप्या, उंच मोजे घालून जुन्या सायकलींवर शहरातून फिरतात, मध्ये थांबून चहा पितात. आमच्या आजोबांना हे सांगितलं असतं तर म्हणाले असते, "मी रोजच जात होतो की शाळेत असा. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत."

सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्याने मध्यंतरी सायकलीला पार वाळीत टाकलं. पण त्याच पुण्यात विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचं खासगी संग्रहालय उभं केलंय. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली घडीची बीएसए तिथे बघायला मिळते. भाच्याला घेऊन गेलो तर तो एका काळ्या सायकलीपुढे दहा मिनिटं उभा. मी शेजारी उभा राहून हबवरची पत्र्याची पट्टी नखाने सरकवून दाखवणार होतो, तेवढ्यात 'कृपया हात लावू नये' ही पाटी दिसली.

आता तिथे काय आहे?

एके काळी हजारो कामगारांना पोसणाऱ्या नॉटिंगहॅमच्या त्या कारखान्यात २००२ च्या अखेरीस शेवटची सायकल जुळवली गेली. जागेवर आज विद्यापीठाचा ज्युबिली कॅम्पस आहे, तळी आहेत, विद्यार्थी आहेत. आपल्याकडे सोनीपतच्या ॲटलसने साहिबाबादचा कारखाना थांबवला तो ३ जून २०२० ला. तो दिवस जागतिक सायकल दिन होता. असं कथेत लिहिलं तर संपादक 'फार जुळवून आणलंय' म्हणून कापतील.

तेव्हा एक काम करा. या रविवारी माळ्यावर, गोठ्यात नाहीतर जिन्याखाली एखादी काळी सायकल पडली असेल तर तिला खाली घ्या. हँडलखालचा बिल्ला ओल्या फडक्याने पुसा आणि बघा, बगळा दिसतोय का. दिसला, तर भंगारवाल्याला सांगा, आज रद्दीच आहे.